गरिबांना गाडीत बसविणारा सुतार : थॉमस कुक

माणसे पूर्वी प्रवास करीत नसत असे नाही. पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात अब्राहाम आपला देश सोडून निघालेला दिसतो. सणासाठी यरुशलेमेस जाणारे यात्रेकरूंचे तांडे आपण वाचतो, आणि पौलाने किती समुद्र व किती डोंगर ओलांडले हे तर संडे स्कूलमधील मुलालाही ठाऊक असते. परंतु जुन्या काळचा प्रवासी पाहिला तर तो बहुधा तिघांपैकी एक असे : व्यापारी, सैनिक किंवा यात्रेकरू. नवा मुलूख पाहावा, मन ताजे करावे, चार शहाणपणाच्या गोष्टी शिकाव्या एवढ्यासाठीच घराबाहेर पडणे ही श्रीमंतांची चैन होती. सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडातील उमरावांची मुले शिक्षण संपले की शिक्षक व नोकर बरोबर घेऊन फ्रान्स व इटली पाहावयास जात आणि वर्ष दोन वर्षांनी परत येत. त्याच इंग्लंडातील गिरणी कामगाराने मात्र पंधरा वीस मैलांवरचे शहरही पुष्कळदा पाहिलेले नसे.

हे अंतर ज्याने कमी केले, त्या माणसाचे चरित्र आम्ही या लेखात थोडक्यात सांगणार आहोत. तो उमराव नव्हता, इंजिनीयर नव्हता, रेल्वेचा मालकही नव्हता. तो एका गरीब विधवेचा मुलगा, धंद्याने सुतार आणि अंतःकरणाने सुवार्तिक होता. त्याचे नाव थॉमस कुक. आज हे नाव ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे प्रवास कंपनीची पाटी उभी राहते. त्या पाटीमागे एक साधा विश्वासू माणूस होता आणि त्याची सारी खटपट दारूच्या गुत्त्यापासून सुरू झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

थॉमसचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ रोजी इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील मेलबर्न या खेड्यात झाला. ऑस्ट्रेलियातील मोठ्या मेलबर्न शहराचे नाव लॉर्ड मेलबर्न या इंग्रज मुख्य प्रधानावरून पडले आणि त्या लॉर्डची पदवी याच लहान खेड्यावरून आली. थॉमस अगदी लहान असतानाच त्याचे वडील वारले. आईने पुन्हा लग्न केले. तो दुसरा आधारही थोड्याच वर्षांत गेला. दहाव्या वर्षी थॉमसची शाळा सुटली. लॉर्ड मेलबर्नच्या जमिनीवरील एका माळ्याच्या हाताखाली तो कामास लागला. मजुरी रोजची एक पेनी, म्हणजे आठवड्याला अर्धा शिलिंग. चौदाव्या वर्षी त्याला एका नातलगाकडे सुतारकाम व लाकूड खरादण्याचे काम शिकावयास ठेवण्यात आले.

शाळा सुटली तरी शिकणे सुटले नाही. थॉमसचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, बाप्टिस्ट उपदेशक होते आणि आईने मुलाला मंडळीच्या सावलीतच वाढविले. संडे स्कूलमध्ये तो आधी विद्यार्थी झाला, मग शिक्षक झाला. १८२६ साली त्याचा बाप्तिस्मा झाला आणि दोनच वर्षांनी, म्हणजे विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, बाप्टिस्ट मंडळ्यांनी त्याला खेडोपाडी फिरणारा सुवार्तिक म्हणून नेमिले. गावोगाव जाऊन पवित्र शास्त्र वाचून दाखवावे, पत्रिका वाटाव्या, मुलांसाठी संडे स्कूल सुरू करावे असे ते काम होते. पगार जेमतेम, वाहन म्हणजे स्वतःचे दोन पाय. थॉमस हिशेबाला पक्का होता. १८२९ या एका वर्षात आपण २,६९२ मैल फिरलो आणि त्यांतले २,१०६ मैल पायी चाललो, अशी त्याने नोंद करून ठेविली आहे. पुढे ज्याने लाखो लोकांचा प्रवास सुखाचा केला, त्याची प्रवासाची शाळा ही अशी होती. पाय दुखणे म्हणजे काय, परक्या गावी रात्रीचा निवारा शोधणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

या फिरतीतच त्याची मेरिअन मेसन या शेतकऱ्याच्या मुलीशी ओळख झाली. तीही संडे स्कूलमध्ये शिकवीत असे. १८३३ साली दोघांचे लग्न झाले. मिशनजवळचा पैसा आटल्यामुळे कुक यांना पुन्हा सुताराची हत्यारे हाती घ्यावी लागली आणि त्यांनी मार्केट हारबरो या गावी बिऱ्हाड केले. पुढच्याच वर्षी मुलगा जॉन जन्मास आला. या मुलाविषयी आम्हांला पुढे पुष्कळ सांगावयाचे आहे.

त्या काळच्या इंग्लंडात दारूने काय अनर्थ मांडला होता, हे आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. आपल्याकडील मजूर वस्त्यांत ते चित्र अजूनही पाहावयास मिळते. शहरांतील पाणी घाण, दिवस बारा बारा तासांच्या कामाचा, घर म्हणजे एक कोंदट खोली. मग गुत्त्याचा उजेड व ऊब माणसाला ओढून घेई. कित्येक ठिकाणी तर आठवड्याची मजुरीच गुत्त्यात वाटली जाई आणि ती घरी पोहोचण्यापूर्वी निम्मी संपलेली असे. कुक यांनी स्वतः मद्यत्यागाची प्रतिज्ञा घेतली आणि दारूबंदीच्या चळवळीत ते मनःपूर्वक पडले. सभा भरवाव्या, पत्रके छापावी, मिरवणुका काढाव्या हे सर्व त्यांनी केले. पण त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. दारू सोड, एवढेच सांगून भागत नाही. ती सोडल्यावर हातात उरलेली संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस कोठे घालवावयाचा, याचे उत्तर माणसाला द्यावे लागते.

ते उत्तर त्यांना रस्त्यावर सापडले. ९ जून १८४१ रोजी ते दारूबंदीच्या एका सभेसाठी मार्केट हारबरोहून लेस्टरला पायी निघाले होते. अंतर सुमारे पंधरा मैल. त्या भागात नुकतीच रेल्वे सुरू झाली होती आणि जिकडे तिकडे तिचीच चर्चा होती. चालता चालता कुक यांच्या मनात आले की, ही नवी शक्ती आपल्या कार्याला का जुंपू नये? पुढील महिन्यात लफबरो येथे मोठा मेळावा भरणार होता. लेस्टरच्या लोकांना खास गाडीने तेथे नेले तर? सभेत त्यांनी ही सूचना मांडली. ती सर्वांस आवडली. दुसऱ्याच दिवशी ते मिडलंड काउंटीज रेल्वेचे चिटणीस जॉन फॉक्स बेल यांना भेटले आणि गाडी मिळाली.

५ जुलै १८४१ हा तो दिवस. सुमारे पाचशे माणसे लेस्टर स्टेशनवरून निघाली. जाण्याचे अकरा बारा मैल आणि येण्याचे तितकेच. भाडे माणशी एक शिलिंग. बहुतेकांना वर छप्पर नसलेल्या उघड्या डब्यांत बसावे लागले; इंजिनाचा धूर व ठिणग्या अंगावर येत होत्या. तरी बँड वाजत होता, निशाणे फडकत होती आणि गाडी पाहण्यासाठी वाटेवर माणसांची गर्दी लोटली होती. लफबरोच्या एका बागेत चहा झाला, खेळ झाले, भाषणे झाली. रात्री सर्व मंडळी सुखरूप घरी आली. पाचशे कुटुंबवत्सल माणसांनी सुट्टीचा अख्खा दिवस आनंदात घालविला आणि कोणी दारूचा थेंबही घेतला नाही, याचेच कुक यांना अपरूप वाटले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रेल्वेच्या सहलीची पहिली कल्पना कुक यांचीच, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. त्यांच्या आधीही काही संस्थांनी अशा गाड्या काढल्या होत्या. कुक यांचे वेगळेपण हे की, त्यांनी ती गोष्ट एकदा करून सोडून दिली नाही. गाडीची बोलणी, तिकिटांची छपाई, वेळ, खाणेपिणे, सोबत, परतीची व्यवस्था हे सर्व त्यांनी आपल्या अंगावर घेतले. आयुष्यात पहिल्यांदा गाडीत चढणाऱ्या माणसाला भीती असते ती नेमकी याच गोष्टींची. कुक यांनी ती भीती आपल्या खांद्यावर घेतली.

त्याच वर्षी ते लेस्टरला राहावयास गेले आणि छपाईचा व पुस्तकांचा धंदा करू लागले. पुढील दोन तीन उन्हाळे त्यांनी दारूबंदी मंडळांसाठी व संडे स्कूलच्या मुलांसाठी सहली काढल्या. लेस्टरला घोड्यांच्या शर्यती भरल्या की शहरात जुगार व दारू यांना ऊत येई. तेव्हा हजारो मुलांना त्या दिवशी गाडीत घालून त्यांनी डर्बीला नेले. संडे स्कूलची वार्षिक सहल आपल्या मंडळ्यांत आजही निघते. शिदोरी घेऊन, गाणी म्हणत मुले निघतात तेव्हा दोन शतकांपूर्वीच्या या छापखानेवाल्याची आठवण करावयास हरकत नाही.

या सहलींत कुक यांनी नफा घेतला नव्हता. १८४५ साली त्यांनी प्रथमच धंदा म्हणून लेस्टर, नॉटिंगहॅम व डर्बी येथून लिव्हरपूलची सफर काढली. आधी ते स्वतः तो सारा मार्ग फिरून आले, खानावळी पाहिल्या, आणि काय पाहावे, कोठे उतरावे हे सांगणारी पुस्तिका छापून प्रत्येकाच्या हाती दिली. पुढील साली त्यांनी साडेतीनशे लोक स्कॉटलंडला नेले. त्या प्रवासात हाल फार झाले. आगगाडीत शौचाची सोय नव्हती, कबूल केलेला चहा वाटेत मिळाला नाही, आणि आगबोटीत जागा अपुरी पडल्याने कित्येकांना रात्र उघड्यावर काढावी लागली. त्याच १८४६ साली कुक यांचे दिवाळेही निघाले. मंडळीच्या कामात मोठ्या उत्साहाने उडी घेणाऱ्या माणसाला पहिली ठेच बसली की तो बहुधा हात आखडतो. कुक यांनी चुका मोजल्या, सोयी सुधारल्या आणि पुन्हा गाडी मागावयास रेल्वेच्या दारात उभे राहिले. स्कॉटलंडला तर ते पुढे वर्षानुवर्षे लोकांना नेत राहिले. वाटेतील आयोना बेटावर कोळ्यांचे दारिद्र्य पाहून त्यांनी आपल्या प्रवाशांकडून वर्गणी जमविली आणि त्या कोळ्यांना मासेमारीच्या नावा घेऊन दिल्या. आपण ज्यांचा मुलूख पाहावयास जातो, त्या माणसांचेही आपण काही देणे लागतो, ही समजूत त्यांच्या धंद्यात पहिल्यापासून होती.

१८५१ साली लंडनमध्ये काचेच्या प्रचंड मंडपात जगातील पहिले मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. कारखान्यांत ज्यांनी आपल्या हातांनी माल घडविला, त्या कामगारांनीच ते पाहू नये, हे कुक यांना पटेना. त्यांनी यॉर्कशायर व मिडलंड भागांत बचत मंडळे काढविली. कामगारांनी दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकावे आणि पुरेसे जमले की लंडनचे तिकीट घ्यावे. सतरा वर्षांचा जॉन बापाबरोबर गावोगाव फिरला. दोन रेल्वे कंपन्यांच्या चढाओढीत परतीचे भाडे पाच शिलिंगांपर्यंत खाली आले. प्रदर्शन साडेपाच महिने चालले. तेवढ्या काळात कुक यांनी सुमारे १,६५,००० माणसे लंडनला नेऊन परत आणिली. यांतील बहुतेकांनी राजधानी पूर्वी कधी पाहिलेली नव्हती. त्याच सुमारास त्यांनी प्रवाशांसाठी एक नियतकालिक सुरू केले. लेस्टरला त्यांनी दारू न मिळणारे हॉटेल बांधिले आणि ते मेरिअनबाईंनी चालविले.

यानंतरची घोडदौड आम्ही थोडक्यात सांगतो. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त त्यांनी प्रवाशांना युरोप खंडावर नेले. त्यात तोटा झाला. पुढे स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी सवलती काढून घेतल्या तेव्हा ते १८६३ साली स्वित्झर्लंडकडे वळले आणि १८६४ साली इटलीत उतरले. स्वित्झर्लंडच्या त्या पहिल्या सफरीत जेमायमा मॉरेल नावाची एक अविवाहित तरुणी होती. तिने लिहिलेली रोजनिशी शंभर वर्षांनी, १९६३ साली छापली गेली. लांब झगे सावरीत बर्फातून चालणाऱ्या त्या स्त्रियांचा आनंद तीत दिसतो. त्या काळी चांगल्या घरच्या स्त्रीने एकटीने परदेशी जाणे अशक्यच होते. कुक यांची सोबत आहे म्हटल्यावर आईबाप निर्धास्त होत आणि शिक्षिका, कारकुनाच्या मुली, प्रौढ कुमारिका प्रवासास निघत.

हे सर्वांनाच रुचले असे नाही. चार्ल्स लीव्हर नावाचे कादंबरीकार इटलीत ब्रिटिश वकिलातीत अधिकारी होते. १८६५ साली त्यांनी टोपण नावाने लेख लिहून कुक यांच्या प्रवाशांची गुरांच्या कळपाशी तुलना केली. सुंदर स्थळे ही सुसंस्कृतांसाठी असतात, हलक्या लोकांच्या झुंडीने ती विटाळतात, असा त्या टीकेचा रोख होता. कुक यांनी आपल्या नियतकालिकात याला सडेतोड उत्तर दिले. देवाने निर्माण केलेली सृष्टी थोड्या निवडक लोकांसाठी राखून ठेवावी, हे म्हणणेच त्यांना ख्रिस्ती मनाला न शोभणारे वाटे. आमच्या मते कुक यांच्या आयुष्याचा गाभा या वादात आहे. त्यांनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला : फलाटावर मागे कोण राहिले?

या प्रश्नातूनच त्यांच्या पुष्कळ युक्त्या निघाल्या. परभाषा येत नाही म्हणून जो माणूस हॉटेलात फसविला जाई, त्याच्यासाठी १८६८ साली त्यांनी कुपनांची पुस्तिका काढली. लंडनला एकदाच पैसे भरावे. परदेशी हॉटेलात एक कुपन फाडून दिले की खोली, दुसरे दिले की जेवण. हॉटेलवाला ती कुपने कुक यांच्याकडे पाठवून आपले पैसे घेई. १८७३ साली त्यांनी युरोपातील रेल्वेंचे वेळापत्रक छापावयास आरंभ केला. १८७४ साली त्यांनी एक प्रकारची हुंडी काढली. ती दाखविली की ठिकठिकाणच्या हॉटेलांत व पेढ्यांत तेथले नाणे मिळे. पुढे ज्याला प्रवासी धनादेश म्हणू लागले, त्याचे हे पूर्वरूप.

१८६९ साली कुक यांचे एक जुने स्वप्न खरे झाले. ते प्रवाशांची तुकडी घेऊन मिसर देशात व तेथून पॅलेस्टाईनमध्ये गेले. तोवर पवित्र भूमी पाहणे म्हणजे फार खर्चाचे व धोक्याचे काम होते. प्रत्येकाने स्वतः दुभाषा गाठावा, घोडी ठरवावी, तंबू घ्यावेत, आणि पावलोपावली घासाघीस करावी. कुक यांनी तंबू, घोडी, स्वयंपाकी, वाटाडे हे सर्व एकत्र उभे केले. ज्या माणसाने तरुणपणी डर्बीशायरच्या झोपड्यांतून गालील व यार्देन यांच्या गोष्टी वाचून दाखविल्या, तोच आता साध्या उपदेशकांना व संडे स्कूलच्या शिक्षकांना त्या जागी नेऊन उभे करीत होता. कमावलेल्या पैशापेक्षा या समाधानाचे मोल त्यांना अधिक वाटले असावे.

सप्टेंबर १८७२ मध्ये, चौसष्टाव्या वर्षाच्या जवळ आलेले कुक लहानशी तुकडी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अटलांटिक महासागर, अमेरिकेतील नवी रेल्वे, जपान, चीन, सिंगापूर, श्रीलंका असा प्रवास करीत ते हिंदुस्थानात आले आणि देश ओलांडून मुंबईस पोहोचले. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली रेल्वे १८५३ साली धावली. मुंबई व कलकत्ता १८७० साली रेल्वेने जोडली गेली. तेव्हा उत्तरेकडून मुंबईस येणारी सलग गाडी जबलपूर, भुसावळ, इगतपुरी अशी थळ घाट उतरूनच येई. कुक यांच्या या फेरीस २२२ दिवस लागले. वीस वर्षांपूर्वी हा प्रवास सामान्य माणसाच्या स्वप्नातही आला नसता. मुंबईस त्यांच्या कंपनीची कचेरी १८८१ साली उघडली. आपल्या पश्चिम किनाऱ्याशी या नावाचा संबंध तेव्हापासूनचा आहे.

परंतु या वैभवाच्या काळातच घरात भेग पडली होती. जॉन १८६५ च्या सुमारास धंद्यात पूर्णपणे आला आणि पुढे कंपनीचे नाव थॉमस कुक आणि सन असे झाले. मुलगा कर्तबगार होता; कडक, हिशेबी, वेळेचा पक्का. लंडनची कचेरी त्यानेच वाढविली, रेल्वे व आगबोट कंपन्यांशी मोठमोठे करार त्यानेच केले. त्याच्या मते धंदा हा धंदा आणि मंडळीचे काम हे मंडळीचे काम. दोन्हींची खिचडी करू नये. बापाला ही वाटणीच समजत नसे. सहल म्हणजेच त्यांची सेवा होती. प्रवासात ते उपासना घेत, रोममधील बाप्टिस्ट कामाला मदत करीत, गरजू माणूस दिसला की खिशात हात घालीत. आणि तो खिसा कंपनीचा की स्वतःचा हे पुष्कळदा त्यांच्या ध्यानात राहत नसे. अमेरिकेत एका भागीदाराशी त्यांनी केलेला व्यवहारही अंगाशी आला. मुलगा चिडे, बाप दुखावे. अखेर १८७८ साली बाप लेकांचे बिनसले ते कायमचेच. थॉमस कुक यांनी स्वतः उभारलेल्या कंपनीचा कारभार सोडला आणि ते लेस्टरला राहावयास गेले.

दोष कोणाचा? पुष्कळ चरित्रकार बापाला भोळा व मुलाला कठोर ठरवून मोकळे होतात. आम्हांला ते तितके सोपे वाटत नाही. जॉनची शिस्त नसती तर कंपनी बुडाली असती, आणि तिच्याबरोबर हजारो गरिबांची सहलही बुडाली असती. १८८६ साली हिंदुस्थान सरकारने मक्केच्या यात्रेकरूंची जबाबदारी या कंपनीवर सोपविली. बोटींत कोंबल्या जाणाऱ्या त्या गरीब मुसलमान यात्रेकरूंचे हाल कमी करण्याचे काम जॉननेच अंगावर घेतले. त्यात फायदा नव्हता. तेव्हा बापाचा गुण मुलात अजिबात उतरला नव्हता असे म्हणता येत नाही. फरक इतकाच की, बापाला आधी माणूस दिसे व मग हिशेब; मुलाला आधी हिशेब दिसे. प्रत्येक मंडळीत, प्रत्येक संस्थेत, कित्येक घरांत ही दोन माणसे असतात. दोघांनाही एकमेकांची गरज असते, आणि तरी ती एका टेबलाशी बसू शकत नाहीत, हीच यातील दुःखाची गोष्ट आहे.

कुक यांच्या शेवटच्या वर्षांत दुःखे एकापाठोपाठ एक आली. त्यांची एकुलती एक मुलगी ॲनी आईबापांजवळच राहत असे. नोव्हेंबर १८८० मध्ये स्नानगृहात पाणी तापविण्यासाठी बसविलेल्या गॅसच्या नव्या यंत्रातून निघालेल्या विषारी वायूने ती मृत्यू पावली. तिचे वय पस्तीस होते. त्या आघातातून मेरिअनबाई सावरल्या नाहीत. १८८४ साली त्याही गेल्या. कुक यांची दृष्टीही गेली. ज्याने हजारो लोकांना जग दाखविले, त्याला स्वतःच्या अंगणातील झाडही दिसेनासे झाले. १८९१ साली लंडनमध्ये कंपनीचा सुवर्णमहोत्सव थाटात झाला. मेजवानीस मोठमोठे सरदार व अधिकारी आले होते. कंपनीचा जनक मात्र तेथे नव्हता.

त्याच वेळी तो म्हातारा दुसरेच काही बांधीत होता. जेथे एक पेनी रोजावर त्याने मळ्यात काम केले, त्या मेलबर्न गावी त्याने मंडळीतील गरिबांसाठी चौदा लहान घरे उभारली. त्यांबरोबर भाकरी भाजण्याची भट्टी, कपडे धुण्याची जागा आणि उपासनेचे छोटे दालनही बांधले. फिरस्त्या माणसाच्या शेवटच्या कामात प्रवास कोठेच नव्हता. ज्यांना कोठे जावयाचे नाही, ज्यांना फक्त डोक्यावर छप्पर हवे, त्यांच्यासाठी ते काम होते. १८ जुलै १८९२ रोजी थॉमस कुक लेस्टर येथे निवर्तले. मागे राहिलेली मालमत्ता सुमारे अडीच हजार पौंडांची होती. जगभर कचेऱ्या असलेल्या कंपनीच्या संस्थापकाच्या मानाने ती काहीच नव्हे. पत्नी व मुलगी यांच्या शेजारीच त्यांना मूठमाती देण्यात आली. लेस्टरच्या स्टेशनबाहेर त्यांचा पुतळा आज उभा आहे.

कंपनी पुढे कुटुंबाच्या हातून गेली. १९२८ साली ती विकली गेली, १९४८ साली इंग्लंडच्या सरकारची झाली, १९७२ साली पुन्हा खाजगी मालकांकडे आली आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी कर्जाच्या बोजाखाली कोसळली. तेव्हा दीड लाखांहून अधिक ब्रिटिश प्रवासी परदेशांत अडकून पडले आणि त्यांना सरकारने विमानांनी घरी आणिले. हिंदुस्थानातील त्या नावाची कंपनी २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची असल्याने ती वाचली. एकशे अठ्ठ्याहत्तर वर्षांची कंपनी एका रात्रीत गेली. कुक यांचे दिवाळे १८४६ साली निघाले तेव्हा त्यांच्यापाशी काही नव्हते, तरी ते उभे राहिले. २०१९ साली कंपनीपाशी विमाने होती, हॉटेले होती. ती उभी राहू शकली नाही.

यावरून आम्ही वाचकांस मोठा बोध करू इच्छित नाही. एक लहानशी सूचना मात्र करतो. येत्या हिवाळ्यात आपल्या मंडळीची किंवा संडे स्कूलची सहल ठरेल. वर्गणी किती, बस कोणती, जेवणाला काय, याची चर्चा होईल. त्या वेळी यादी एकदा पुन्हा वाचावी आणि कोणाचे नाव तीत नाही हे पाहावे. वर्गणी देता येत नाही म्हणून गप्प राहिलेली विधवा, नवरा दारू पितो म्हणून लाजेने न येणारी बहीण, वडील कामावरून सुटलेले मूल, अशी नावे बहुधा सापडतील. त्यांच्यासाठी बसमध्ये जागा राखावी, आणि ती कोणी राखली हे त्यांना कळू देऊ नये.